दहावीचं इंग्रजी: मनातल्या मराठी वाक्यापासून सुरू होणारा सराव

दहावीच्या मुलांच्या इंग्रजीच्या वह्या तपासताना एक वाक्य मला दरवर्षी भेटतं: 'आय हॅड गॉन टू माय व्हिलेज यस्टरडे.' लिहिणाऱ्या मुलाला बाराही काळांची नावं पाठ असतात, क्रियापदाचं तिसरं रूपही बरोबर आलेलं असतं, तरी वाक्य चुकतं. कारण ते लिहिण्याआधी त्याच्या मनात मराठी वाक्य उमटलेलं असतं: 'मी काल गावी गेलो होतो.' मराठीत 'गेलो होतो' अगदी योग्य आहे. इंग्रजीत मात्र 'काल' म्हटलं की साधा भूतकाळ पुरतो: 'आय वेंट टू माय व्हिलेज यस्टरडे.'

अशा मुलाला पुन्हा काळांचा तक्ता पाठ करायला लावून काही होत नाही. त्याला मराठी चांगली येते म्हणूनच ही चूक झालेली असते. मराठी आणि इंग्रजी वाक्य कुठे वेगळं वळण घेतं, ते वळण दाखवलं की तो ते आयुष्यभर विसरत नाही. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं याच समजुतीवर उभं आहे. राज्य मंडळाच्या मराठी माध्यमात तृतीय भाषा म्हणून इंग्रजी घेणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांना घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी हे लिहितो आहे. आठवी-नववीच्या मुलांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी कृतिपत्रिका समजून घ्या

लेखी परीक्षा ८० गुणांची, वेळ तीन तास; उरलेले २० गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे. ८० गुणांची विभागणी अशी: भाषाभ्यास १०, पाठ्यपुस्तकातले दोन उतारे मिळून २०, कविता १०, पाठ्येतर उतारा आणि त्यानंतरचं सारांशलेखन मिळून १५, लेखनकौशल्याचे दोन प्रश्न १०-१० आणि शेवटी भाषांतर ५.

आता यातला एक हिशोब करा, जो मुलं सहसा करत नाहीत. प्रत्येक गद्य उताऱ्याखाली पाच कृती असतात, प्रत्येकी दोन गुणांच्या. त्यातली तिसरी शब्दसंपत्तीची, चौथी व्याकरणाची. असे तीन उतारे, म्हणजे १२ गुण. भाषाभ्यासाचे १० धरले की २२ झाले, भाषांतराचे ५ धरले की २७. हे गुण पाठांतरावर अवलंबून नाहीत. कुठला धडा येईल, कुठला वगळावा, याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ज्या मुलाला पस्तीसची चिंता आहे त्याने इथून सुरुवात करावी, आणि ज्याला नव्वदीपार जायचं आहे त्याचेही गुण इथेच गळतात.

तुमच्या वर्षीची नमुना कृतिपत्रिका शाळेतून घ्या आणि आराखडा त्याच्याशी ताडून पाहा. पाठ्यपुस्तक हरवलं किंवा फाटलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ विनामूल्य मिळते.

चुकांची वही

शंभर पानी वही घ्या, प्रत्येक पानावर तीन रकाने आखा. पहिल्या रकान्यात तुम्ही लिहिलेलं चुकीचं वाक्य. दुसऱ्यात बरोबर वाक्य. तिसऱ्यात, आणि हाच महत्त्वाचा, लिहिताना मनात आलेलं मराठी वाक्य.

तिसरा रकाना भरायला मुलं कंटाळतात. 'सर, असंच लिहिलं, मनात काही नव्हतं,' म्हणतात. थोडा धीर धरा. वाक्य मोठ्याने वाचायला सांगा, मग 'हे मराठीत कसं म्हणशील?' विचारा. पंधरा दिवसांत दिसतं की साठ-सत्तर चुका म्हणजे पाच-सहाच चुका पुन्हा पुन्हा झालेल्या आहेत. त्या पाच-सहांवर काम करायचं, अख्ख्या व्याकरणावर नाही. प्रत्येक चुकीसाठी त्याच घाटाची चार नवी वाक्यं स्वतः रचा आणि आठवड्याने पहिला रकाना झाकून नव्हे, तर दुसरा झाकून वही पुन्हा सोडवा.

मराठी मुलांच्या वहीत बहुधा सापडणाऱ्या जागा पुढे सांगतो.

'होतो', 'आहे' आणि 'पासून'

पहिली जागा वर आलीच. 'गेलो होतो', 'पाहिलं होतं', 'आलो होतो' या मराठी रूपांसाठी थेट 'हॅड' लिहू नका. स्वतःला विचारा: भूतकाळातल्या दोन घटना आहेत का, आणि त्यातली ही आधीची आहे का? 'मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती.' इथे दोन घटना आहेत, गाडी आधी सुटली. मग 'द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन आय रीच्ड द स्टेशन.' एकच घटना असेल तर साधा भूतकाळ.

दुसरी जागा 'आहे'. 'तो शाळेत जात आहे' याचं 'ही इज गोइंग' होतं, म्हणून 'आहे' दिसलं की मुलं 'इज' टाकतात. मग 'मला माहीत आहे'चं 'आय ॲम नो' होतं. 'मला माहीत आहे', 'मला आवडतं', 'मला हवं आहे', 'मला आठवतं' या सगळ्यांत मराठी 'मला'ने सुरुवात करते. इंग्रजी 'आय'ने सुरुवात करते आणि मध्ये 'इज-ॲम' घेत नाही: आय नो, आय लाइक, आय वाँट, आय रिमेंबर. ही चार वाक्यं एकत्र पाठ करा, कारण ती एकाच घरातली आहेत.

तिसरी जागा 'पासून'. 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून', मराठीला दोन्हीकडे एकच शब्द पुरतो. इंग्रजी विचारते: सुरुवातीचा क्षण सांगतोस की मधला कालावधी? क्षण असेल तर 'सिन्स मंडे', 'सिन्स २०२०'. कालावधी असेल तर 'फॉर टू इयर्स', 'फॉर थ्री अवर्स'. शिवाय मराठीत 'तो दोन वर्षांपासून इथे राहतो' असा वर्तमानकाळ चालतो, इंग्रजीत 'ही हॅज लिव्हड हिअर फॉर टू इयर्स' लागतं. एका वाक्यात दोन वळणं आहेत, म्हणून इथे हुशार मुलंही अडखळतात.

क्रियापदाचा 'एस'

मराठीत क्रियापद सगळ्यांसाठी बदलतं: जातो, जाते, जातोस, जातात. इंग्रजी साध्या वर्तमानकाळात फक्त एकाच ठिकाणी बदलते, ही-शी-इट किंवा एकवचनी नाम असेल तर. गोंधळ असा होतो की 'एस' लावला की नाम अनेकवचनी होतं, पण क्रियापदाला तो एकवचनातच लागतो. 'द बॉय प्लेज', 'द बॉइज प्ले'. मी मुलांना सांगतो, 'एस' एकाच खांद्यावर बसतो: एक तर नामाच्या, नाही तर क्रियापदाच्या. दोन्हीवर दिसला किंवा दोन्हीवर नसला, की थांबून वाक्य पुन्हा पाहा. 'शीप', 'चिल्ड्रन'सारखी नामं या युक्तीत बसत नाहीत, 'आय' आणि 'यू'ही बसत नाहीत, पण बाकी ठिकाणी ती चांगली उपयोगी पडते.

आणि 'डज', 'डिड' आले की क्रियापद मूळ रूपात. 'ही डिड नॉट वेंट' असं लिहिणाऱ्याने भूतकाळ दोनदा सांगितला. 'डिड'ने तो एकदा सांगून झालेला असतो. प्रश्नातही तेच. मराठीत 'तू कुठे राहतोस?' एवढं पुरतं, म्हणून 'व्हेअर यू लिव्ह?' लिहिलं जातं. मध्ये 'डू' लागतो: 'व्हेअर डू यू लिव्ह?'

'ला' म्हणजे नेहमी 'टू' नव्हे

'मी आईला विचारलं' हे 'आय आस्क्ड टू माय मदर' होतं, कारण 'ला'चा अर्थ 'टू' असा पक्का बसलेला असतो. आस्क, टेल, हेल्प, आन्सर, मीट यांच्यानंतर 'टू' लागत नाही: 'आय आस्क्ड माय मदर.' 'से' मात्र 'टू' घेतं: 'शी सेड टू मी.' तसंच 'विषयी' दिसलं म्हणून 'डिस्कस अबाउट' नको, नुसतं 'डिस्कस'. 'तिच्याशी लग्न केलं' म्हणून 'मॅरिड विथ हर' नको, 'मॅरिड हर'.

वेळेचं उलट आहे. मराठीत प्रत्यय नामालाच चिकटतो: रविवारी, जूनमध्ये, पाच वाजता. इंग्रजीत वारासाठी 'ऑन', महिन्या-वर्षासाठी 'इन', घड्याळाच्या वेळेसाठी 'ॲट'. हे तीन शब्द कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावले तरी पुरे.

'अ' की 'ॲन'? इथे देवनागरी मदतीला येते

मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे ते विसरणं साहजिक आहे. पण 'अ' आणि 'ॲन' यांतली निवड मराठी मुलाला इंग्रजी माध्यमाच्या मुलापेक्षा सोपी जायला हवी. नियम उच्चाराचा आहे, अक्षराचा नाही, आणि देवनागरी उच्चारच लिहिते. पुढचा शब्द देवनागरीत लिहून पाहा. तो अ ते औ, ॲ किंवा ऑ या स्वरांनी सुरू झाला तर 'ॲन', व्यंजनाने सुरू झाला तर 'अ'. 'अवर' आणि 'ऑनेस्ट' इंग्रजीत 'एच'ने सुरू होतात, पण देवनागरीत स्वराने, म्हणून 'ॲन अवर', 'ॲन ऑनेस्ट मॅन'. 'युनिव्हर्सिटी' इंग्रजीत 'यू'ने सुरू होते, देवनागरीत 'य'ने, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'वन-आइड' शब्द 'व'ने, म्हणून 'अ'. 'एमएलए' स्वराने, म्हणून 'ॲन एमएलए'.

'की' आणि 'ने': दोन मोठे प्रश्न

उताऱ्याखालच्या चौथ्या कृतीत अप्रत्यक्ष कथन आणि प्रयोगबदल वारंवार येतात, म्हणून इथे जरा थांबू.

मराठीत आपण म्हणतो, 'तो म्हणाला की मी उद्या येईन.' 'की' आला तरी 'मी' तसाच, 'उद्या' तसाच, भविष्यकाळही तसाच. म्हणून मूल लिहितं, 'ही सेड दॅट आय विल कम टुमारो.' इंग्रजीत 'दॅट' लिहिलं की बोलणाऱ्याची जागा बदलते. आता सांगणारे आपण असतो, तेही नंतर कधीतरी. म्हणून तीन गोष्टी आपल्या जागेवरून बघायच्या. कोण? 'आय'चा 'ही' होतो. क्रियापद? 'विल'चं 'वुड' होतं. केव्हा? 'टुमारो'चं 'द नेक्स्ट डे' होतं. 'ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.' प्रत्येक वाक्याला याच क्रमाने तीन प्रश्न विचारा: कोण, क्रियापद, केव्हा. प्रश्नार्थक वाक्य असेल तर 'सेड'च्या जागी 'आस्क्ड' घ्या आणि प्रश्नाची उलटी रचना सरळ करा: 'व्हेअर इज माय बुक?' याचं 'शी आस्क्ड व्हेअर हर बुक वॉज'. हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर 'इफ' किंवा 'व्हेदर'. प्रश्नचिन्ह जातं, शेवटी पूर्णविराम येतो. तो पूर्णविराम बरीच मुलं विसरतात.

प्रयोगबदलात 'ने' घोळ घालतो. 'रामाने आंबा खाल्ला' या वाक्यात 'ने' दिसतो आणि मुलाला वाटतं की इथे 'बाय' हवं. पण हे वाक्य इंग्रजीत सरळ 'राम एट अ मँगो' आहे. म्हणून मराठीकडे न बघता इंग्रजी वाक्यात काम करणारा शोधा. तो पहिल्या जागी बसला असेल तर वाक्य ॲक्टिव्ह. पॅसिव्ह करताना ज्याच्यावर काम झालं त्याला पुढे आणा, क्रियापदाचं तिसरं रूप घ्या, आणि मधली 'बी'ची साखळी मूळ वाक्याच्या काळावरून ठरवा.

ही साखळी पाठ करण्यापेक्षा एकाच वाक्यावर घासून घ्या. 'राम ईट्स अ मँगो' याचं 'अ मँगो इज ईटन बाय राम'. 'राम एट'चं 'वॉज ईटन'. 'राम इज ईटिंग'चं 'इज बीइंग ईटन'. 'राम हॅज ईटन'चं 'हॅज बीन ईटन'. 'राम विल ईट'चं 'विल बी ईटन'. रोज एक नवं क्रियापद घेऊन ही पाच वाक्यं लिहा: राइट, ब्रेक, टीच, सी. दहा दिवसांत पन्नास वाक्यं होतात, आणि अनियमित क्रियापदांची तिसरी रूपं त्यासोबत आपोआप पाठ होतात.

शब्दसंपत्ती

रोज वीस शब्द अर्थांसह पाठ करणं मी मुलांना करू देत नाही. तिसऱ्या दिवशी त्यातले तीन उरतात. त्याऐवजी रोज एक शब्द घ्या आणि त्याचं कुटुंब गोळा करा. 'हॅपी' घेतला तर अनहॅपी, हॅपिली, हॅपिनेस. मराठीत आनंद, आनंदी, आनंदाने असतंच ना, तसंच. प्रत्येक शब्दाचं एक वाक्य. भाषाभ्यासाच्या दुसऱ्या भागात उपसर्ग-प्रत्ययांचा प्रश्न असतो, तो यातूनच तयार होतो.

वाक्यात उपयोग करा म्हटलं की वाक्यातून अर्थ कळला पाहिजे. 'लुक फॉर' यासाठी 'आय लुक फॉर इट' असं लिहून परीक्षकाला काही कळत नाही. 'आय लुक्ड फॉर माय लॉस्ट पेन अंडर द बेंच' लिहा. हरवलेलं पेन आणि बेंचखालची जागा आली की अर्थ दिसतो. त्याच भागात वाक्याला उपवाक्य जोडायला सांगतात. 'द बॉय स्टॉप्ड' याला 'निअर द बस' जोडलं तर ते उपवाक्य नव्हे, कारण त्यात क्रियापद नाही. 'व्हेन ही सॉ द बस' हे उपवाक्य. जोडलेल्या भागात स्वतःचा कर्ता आणि क्रियापद आहे का, एवढं तपासा.

आपल्या बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी शब्दांपासून मात्र सावध राहा. 'मी बोअर झालो'चं 'आय ॲम बोअर' होत नाही, 'आय ॲम बोअर्ड' होतं. 'बोअर' म्हणजे दुसऱ्याला कंटाळा आणणारा माणूस. 'डोन्ट टेक टेन्शन' हे मराठीच आहे, इंग्रजीत 'डोन्ट वरी'. आपण 'हॉटेलात जेवलो' म्हणतो तिथे बहुतेक वेळा 'रेस्टॉरंट' हवं, कारण 'हॉटेल' मुख्यतः मुक्कामाचं. असे शब्द चुकांच्या वहीच्या शेवटच्या पानावर जमवत जा, यादी मजेत वाढते.

स्पेलिंगसाठी एक जुनी पद्धत अजूनही सगळ्यात चांगली आहे. शब्द जसा लिहिला आहे तसा, प्रत्येक अक्षर ऐकू येईल असा मनात म्हणायचा. बुधवारचं 'वेड-नेस-डे', सुरीचं 'क-नाइफ', बेटाचं 'इस-लँड'. बोलताना खरा उच्चार, लिहिताना हा मनातला. 'बिलीव्ह'मध्ये आय आधी, 'रिसीव्ह'मध्ये ई आधी, अशा जोड्या शेजारी शेजारी लिहून ठेवा.

भाषाभ्यासातल्या शब्दखेळांत गुण सहज मिळतात. शब्दसाखळीत आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराने पुढचा शब्द सुरू करायचा असतो, तोही त्याच जातीचा, म्हणजे नामांच्या साखळीत नाम, क्रियापदांच्या साखळीत क्रियापद. इंग्रजीत कितीतरी शब्द 'ई', 'टी', 'एन', 'डी', 'वाय' या अक्षरांनी संपतात. म्हणून या पाच अक्षरांनी सुरू होणारी चार-चार नामं, विशेषणं आणि क्रियापदं आधीच तयार ठेवा. क्रियापदाचं उदाहरण: ईट, टेक, एंटर, रीड, ड्रिंक. 'वाय'साठी विशेषणात यंग आणि यलो हाताशी असू द्या, कारण 'हॅपी', 'ईझी', 'अँग्री' सगळे तिथेच आणून सोडतात.

मोठ्या शब्दातल्या अक्षरांतून किमान तीन अक्षरी शब्द करायचे असतील तर आधी यमक शोधा. 'इन्फर्मेशन'मध्ये 'ॲट' आहे, मग मॅट, रॅट, फॅट. 'ॲन' आहे, मग मॅन, फॅन, रॅन. मूळ शब्दात एखादं अक्षर एकदाच असेल तर ते एकाच शब्दात दोनदा वापरू नका. अर्धा गुण तिथे जातो.

न पाहिलेला उतारा वाचायचा कसा

उतारा समोर आला की मुलं पहिल्या अनोळखी शब्दाशी थांबतात, त्याचा अर्थ लागत नाही म्हणून घाबरतात, आणि उताऱ्याचा शेवट न वाचताच उत्तरं शोधायला लागतात. माझी पद्धत अशी: आधी फक्त कृती वाचा, अर्ध्या मिनिटात. मग उतारा सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता वाचा. अनोळखी शब्दाखाली पेन्सिलने रेघ, आणि पुढे. दुसऱ्या वाचनात प्रत्येक कृतीचं उत्तर ज्या ओळीत आहे त्या ओळीसमोर कृतीचा क्रमांक लिहा. ओळ सापडल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही.

एक छोटा उतारा करून पाहू:

'लोणार लेक लाइज इन बुलढाणा डिस्ट्रिक्ट ऑफ महाराष्ट्र. अ मिटिओराइट हिट द हार्ड बसॉल्ट रॉक हिअर थाउजंड्स ऑफ इयर्स अगो अँड मेड अ राउंड क्रेटर. द वॉटर ऑफ द लेक इज बोथ सॉल्टी अँड अल्कलाइन. इन जून २०२०, इट टर्न्ड पिंक, अँड पीपल वेअर सरप्राइज्ड. सायंटिस्ट्स लेटर फाउंड दॅट टायनी सॉल्ट-लव्हिंग ऑर्गॅनिझम्स हॅड कॉज्ड द कलर.'

समजा 'अल्कलाइन' माहीत नाही. आजूबाजूला पाहा: पाण्याबद्दल बोलणं चाललं आहे, 'बोथ' आणि 'अँड' आहे, म्हणजे खारटपणासारखाच पाण्याचा आणखी एक गुण आहे. एवढ्यावरही उत्तरं लिहिता येतात. विज्ञानात आम्ल आणि आम्लारी शिकलेल्या मुलाला तर इथे दिवा पेटतो. 'टायनी'च्या पुढे 'ऑर्गॅनिझम्स' म्हणजे सजीव आहेत, आणि त्यांचा शोध शास्त्रज्ञांना लावावा लागला. नुसत्या डोळ्यांना दिसले असते तर शोधावे कशाला लागले असते? म्हणजे 'अगदी लहान'. अर्थ असा भोवतालच्या शब्दांतून खेचून काढायचा.

आता चूक की बरोबर: 'द वॉटर ऑफ द लेक इज ओन्ली सॉल्टी.' वाक्यातले सगळे शब्द उताऱ्यात आहेत, फक्त 'बोथ'च्या जागी 'ओन्ली' आला. अशा विधानांत ओन्ली, ऑल, नेव्हर, ऑल्वेज आणि आकडे यांखाली आधी रेघ मारा. फसवणूक बहुधा तिथेच असते.

'व्हाय डिड द लेक टर्न पिंक?' याचं उत्तर पाचव्या ओळीत आहे, पण ओळ जशीच्या तशी उतरवली तर 'सायंटिस्ट्स लेटर फाउंड' हा अनावश्यक भाग येतो. उत्तराची सुरुवात प्रश्नातूनच घ्या: 'द लेक टर्न्ड पिंक बिकॉज ऑफ टायनी सॉल्ट-लव्हिंग ऑर्गॅनिझम्स.' 'डिड टर्न'चं 'टर्न्ड' झालं, हे लक्षात आलं का? प्रश्नातून उत्तर बनवताना सर्वाधिक चुका इथे होतात.

याच ओळीवर व्याकरणही घासून घ्या. 'फाउंड' आणि 'हॅड कॉज्ड': दोन घटना, रंग आधी बदलला, शोध नंतर लागला. वर 'हॅड'बद्दल सांगितलं ते इथे वापरलेलं दिसतं. त्याचाच पॅसिव्ह: 'द कलर हॅड बीन कॉज्ड बाय टायनी ऑर्गॅनिझम्स.' एका उताऱ्यावर वाचन, शब्द आणि व्याकरण असं तिन्ही करायची सवय लागली की वेगवेगळ्या तासांची गरज उरत नाही.

पाचवी कृती स्वतःच्या मताची असते. तिथे मोठं इंग्रजी लिहायचा मोह टाळा. चार-पाच छोटी, पूर्ण वाक्यं आणि त्यात एखादं तुमच्या गावातलं, घरातलं खरं उदाहरण. विहीर, एसटी, यात्रा, शेत, काहीही चालेल. ठरावीक वाक्यांपेक्षा असं उत्तर वाचताना परीक्षकालाही बरं वाटतं.

सारांश आणि भाषांतर

सारांश उताऱ्याच्या सुमारे एक तृतीयांश असावा, शीर्षक न विसरता द्यावं. उदाहरणं, अवतरणं, पुनरुक्ती गाळा, स्वतःचं मत घालू नका. उतारा वहीखाली झाकून सारांश लिहिला तर वाक्यं आपोआप स्वतःची होतात. घरी सराव असाच करा.

भाषांतराच्या पाच गुणांत शब्द, वाक्यं आणि एक म्हण किंवा वाक्प्रचार असतो. इथे उत्तर मराठीत लिहायचं आहे, तेव्हा ते मराठी वाटलं पाहिजे. 'रीडिंग गिव्ज अस प्लेझर' याचं 'वाचन आपल्याला आनंद देते' चूक नाही, पण 'वाचनाने आनंद मिळतो' हे आपल्या तोंडचं आहे. म्हणींचं शब्दशः भाषांतर करण्याऐवजी त्याच अर्थाची मराठी म्हण द्या. 'एम्प्टी व्हेसल्स मेक मच नॉइज' म्हणजे उथळ पाण्याला खळखळाट फार. 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स' म्हणजे नाचता येईना अंगण वाकडे. 'कट युवर कोट अकॉर्डिंग टू युवर क्लॉथ' म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरावे. आजी-आजोबांशी बोलणाऱ्या मुलांना हा प्रश्न सोपा जातो, हे मी वर्षानुवर्षं पाहतो आहे.

आठवड्याची बांधणी

रोज पंचेचाळीस मिनिटं पुरतात, पण ती रोज हवीत. सोमवार ते गुरुवार: पंधरा मिनिटं व्याकरणाची एक जागा, पंधरा मिनिटं एक शब्दकुटुंब आणि एक शब्दखेळ, पंधरा मिनिटं एक उतारा मोठ्याने वाचून त्याच्या दोन कृती. शुक्रवारी फक्त चुकांची वही. शनिवारी पत्र, संवाद किंवा गोष्ट यांपैकी एक लेखन. रविवारी एक पूर्ण उतारा घड्याळ लावून वीस मिनिटांत. दिवाळीच्या सुट्टीनंतर दर पंधरा दिवसांनी संपूर्ण कृतिपत्रिका तीन तासांत, मध्ये न उठता.

मार्गदर्शिका घरात असेल तर तिचा उपयोग उत्तर तपासायला करा, उत्तर वाचायला नको. आधी आपलं उत्तर पेनाने लिहून झालेलं असलं पाहिजे. आणि पालकांना इंग्रजी येत नसेल तरी ते एक काम नक्की करू शकतात: मुलाने वाचलेल्या उताऱ्यात काय होतं ते त्याला मराठीत सांगायला लावा. सांगता आलं तर उतारा समजला. अडखळला तर ज्या जागी अडखळला तिथे पुन्हा वाचायचं.

परीक्षेच्या दिवशी शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि सगळी उत्तरं पहिल्यापासून वाचत बसू नका. तुमच्या चुकांच्या वहीत ज्या तीन चुका सगळ्यात जास्त वेळा आल्या, फक्त त्याच शोधत उत्तरपत्रिका चाळा. एखाद्याला 'हॅड' शोधायचा असेल, एखादीला क्रियापदाचा 'एस', कुणाला 'आस्क्ड'नंतर आलेला 'टू'. सापडला की एक रेघ मारून दुरुस्त करा आणि पुढच्या पानावर जा.